सामना शांततेत पार पडला

ती घटना आजही आठवते ती माझ्याच हातच्या एका वाक्यामुळे. 'सामना शांततेत पार पडला, विशेष प्रकार घडला नाही.' पोलीस ठाण्याच्या डायरीत हे वाक्य मी नोकरीभर लिहीत आलो. गणपती, जयंत्या, मोर्चे, कुस्त्या. वरचं नाव बदलायचं, पुढचं तेच. त्यातलं एक वाक्य खोटं निघालं आणि एका माणसाच्या खऱ्या बोलण्याच्या आड येऊन उभं राहिलं. नावं कुणाचीच सांगत नाही.

आधी थोडं माझं सांगतो, कारण त्याचा या प्रकरणाशी संबंध आहे. मी मूळचा मालवणकडचा. नववीतून शाळा सुटली. वडील वारल्यावर चुलत्यांनी सोलापूरला बोलावून घेतलं, ते इथल्या एका गिरणीच्या कँटीनमध्ये होते. तेव्हा शिपाई भरतीला तेवढं शिक्षण चालायचं. धावलो, छाती फुगवून दाखवली, लागलो. पण लिहायचं म्हटलं की हाताला घाम सुटायचा. माझी बोली मालवणी, इथली वेगळी आणि कागदावरची मराठी तिसरीच. पहिल्या ठाण्यातल्या एका म्हाताऱ्या हवालदारांनी माझी अवस्था ओळखली. जुनी डायरी पुढ्यात टाकून म्हणाले, "पोरा, घाबरतो कशाला? हितं काय लिवायचं ते ठरल्यालं असतंय. 'शांततेत पार पडला.' तीन शब्द पाठ कर, नोकरी निघती बघ."

खरंच निघाली. शिपायाचा हवालदार झालो, हवालदाराचा सहायक फौजदार. ज्या गावात माझं कुणी नव्हतं त्या गावानं भाकरी दिली, मान दिला. त्या हवालदारांचे उपकार मी आजही मानतो. त्यांनी चांगल्या मनानं शिकवलं, त्यात काय मोडतं हे कळायला मला निवृत्तीच्या उंबऱ्यापर्यंत जावं लागलं.

आठ महिने राहिले होते. रविवारी दुपारी शहरातल्या एका मैदानावर फुटबॉलच्या स्पर्धेचा सामना होता. एक संघ चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कापड कारखान्याच्या मालकाचा, दुसरा शहरातल्या एका पेठेचा. बंदोबस्ताला मी आणि तीन शिपाई. ऊन सोलापूरचं. हाफ टाइम झाल्यावर दोन्हीकडची माणसं उठून एका गोलच्या मागं, लिंबांच्या सावलीत येऊन बसली. मीही तिथंच उभा राहिलो. बंदोबस्ताला माणसांकडे तोंड करायचं आणि खेळाकडे पाठ, हा नियम शिपायालाही माहीत असतो. मी उलटा उभा होतो. खेळ रंगात आला होता आणि त्या गोलमध्ये कारखान्याचा गोलकीपर होता. चोवीस-पंचवीसचा, उंच, रंगानं अगदी काळा, बारीक कुरळे केस. पहिल्या हाफमध्ये त्यानं दोन गोल असे वाचवले की पेठेच्या लोकांनीसुद्धा टाळ्या दिल्या. कारखान्याच्या समर्थकांनी हलगीवाला आणला होता, तो त्याच्या नावानं वाजवत होता.

मग एक साधा चेंडू त्याच्या हातातून निसटून आत गेला.  आणि माझ्या पाठीमागून एक लांब, वर चढत जाऊन मध्येच तुटणारी हाक आली. हाकेपाठोपाठ कुणीतरी माकडाचा आवाज काढला. मग चार जणांनी, मग वीस-पंचवीस जणांनी. "ए आफ्रिका, जा झाडावर!" एक केळ्याची साल माझ्या बुटाजवळ येऊन पडली. गोलकीपरनं मागं वळून बघितलं. आमची नजरानजर झाली. मी काठी जमिनीवर दोनदा आपटली, "ए, गप बसा रे," एवढं म्हणालो आणि परत खेळाकडे वळलो. आवाज सामना संपेपर्यंत चालू होता. मला वाटलं, मैदानावर लोक ओरडायचेच.

ठाण्यात परत येऊन डायरी ओढली आणि ते वाक्य लिहिलं. हात जरासुद्धा अडखळला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्याचा फोन वाजला. मीच उचलला. "सायेब, तुमच्या हद्दीत एक आफ्रिकन ऱ्हातोय. व्हिसाबिसा काय न्हाय त्याचा. वरच्या मजल्यावर तिसरी खोली, पत्र्याचं दार. बघा की जरा." मी नाव विचारलं, फोन बंद. बोलण्यामागं एकसारखी खटखट ऐकू येत होती. गिरणगावात राहिलेल्या माणसाला ती सांगावी लागत नाही, मागं कापड विणायचे लूम चालू होते.

परदेशी माणसाची खबर आली की जावंच लागतं. एक शिपाई घेऊन गेलो. पत्र्याचं दार त्या गोलकीपरनं उघडलं. सामना खेळलेल्यांना त्या दिवशी सुट्टी असल्यानं तो घरी होता, भात शिजत होता. मी त्याला हिंदीत म्हणालो, "पासपोर्ट लेके चलो." तो माझ्याकडे बघत राहिला, मग गॅस बंद केला, चप्पल घातली आणि काही न बोलता गाडीत बसला.

ठाण्यात मी परत विचारलं, "पासपोर्ट?"

"पासपोर्ट न्हाय साहेब," तो मराठीत म्हणाला. "आधार हाय."

खिशातून त्यानं एक प्लास्टिकचं पाकीट काढलं. आधारकार्ड, मतदान ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला. सगळं लॅमिनेट केलेलं, एकावर एक नीट लावलेलं. माझ्या टेबलावर ते पत्ते मांडावेत तसं मांडत गेला.

"एवढं सगळं घेऊन फिरतोस?"

"सगळीकडं मागतात की. खोली बघायला गेलो तर मागतात, रेल्वेत मागतात, कारखान्याच्या गेटवर नवीन वॉचमन आला की मागतो. आम्ही सिद्दी लोकं, साहेब. कारवारकडं, यल्लापूरच्या जंगलात आमची गावं. आमच्यातल्या जुन्यांना आफ्रिकेतून कधी आणलं, ते आमच्या आजालाही ठाऊक न्हाय."

मी दाखला वाचत होतो, खरं म्हणजे वाचल्यासारखं करत होतो. तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला. त्यानं मान वळवून हळू आवाजात सांगितलं, "आवय, हांव बरो आसां. जेवलों."

माझा हात थांबला. बोली हुबेहूब माझी नव्हती, पण चाल माझ्या घरची होती. इतक्या वर्षांत त्या ठाण्यात ती चाल कुणाच्या तोंडून ऐकली नव्हती. माझी आई गेल्यापासून फोनवरसुद्धा नाही. आणि खोटंही तेच होतं जे मी तिला वर्षानुवर्षं सांगितलं: बरा आहे, जेवलो. त्याचा भात तर गॅसवर अर्धा शिजून राहिला होता.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "गाव खंयचो तुझो?"

त्यानं मान वर केली. "तुमका येता?"

"येता."

त्याला बरं वाटेल असं मला वाटलं होतं. पण तो मराठीतच म्हणाला, म्हणजे मला आपल्या बोलीच्या बाहेर काढूनच म्हणाला, "काल गोलच्या मागं तुमीच होता की, साहेब. तुमी ऐकलं. आणि आज तुमी मला आणलं. त्यांना न्हाय आणलं."

नोकरीत मला पुष्कळ लोकांनी शिव्या दिल्या, एकानं दगडही मारला. त्यातलं काही एवढं लागलं नाही.

आमच्या ठाण्याच्या प्रमुख एक बाई होत्या. आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो. त्यांनी त्याला केबिनमध्ये बसवलं, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तक्रार द्यायची का?" त्याला भीती वाटत होती. नोकरी मालकाची, खोली मालकाच्या ओळखीची, संघ मालकाचा. शेवटी म्हणाला, "मला कुणाला जेलात घालायचं न्हाय, मॅडम. जे झालं ते झालं म्हणून सरकारी कागदावर लिवा. उद्या कुणी म्हणायला नको, तसं काय झालंच न्हाय."

मॅडमनी जातीचा दाखला उलटसुलट पाहिला. सिद्दी तिकडे अनुसूचित जमातीत येतात. दाखला कर्नाटकचा आणि गुन्हा इथला, म्हणून त्यांनी वरिष्ठांना आणि सरकारी वकिलांना विचारून घेतलं. ॲट्रॉसिटीचं कलम लागलं. अशा गुन्ह्याचा तपास मोठ्या अधिकाऱ्याकडे जातो, तसा तो एसीपी साहेबांकडे गेला आणि मला त्यांच्या हाताखाली दिलं. मॅडमनी सहज विचारलं, "बंदोबस्ताला तुम्हीच होता ना? डायरीत काय आहे?"

"बघून सांगतो, मॅडम," मी म्हणालो.

बघायची काय गरज होती? पण पुढचे चार दिवस मी ते सांगितलं नाही. आठ महिन्यांवर निवृत्ती, मुलीच्या लग्नाचं बोलणं चाललेलं. खोटी नोंद म्हणजे विभागीय चौकशी, आणि चौकशी लागली की पेन्शन अडकते एवढं आमच्यातल्या प्रत्येकाला पाठ असतं. मी मनाशी म्हणत होतो, आरोपी सापडला की डायरीकडे कोण बघतंय.

सगळ्यांना वाटलं तसं आम्हालाही वाटलं की आवाज पेठेच्या लोकांनी काढला. त्यांच्यातल्या सात-आठ जणांना बोलावलं. त्यांचा म्होरक्या जागेवरून उठून म्हणाला, "सायेब, डोकं चालवा की जरा. गोल आमाला मिळाला हुता. आमी नाचत हुतो. त्यो पडला म्हणून आमाला कशाला राग यील? आमी तर त्याला हार घालाया निघालतो." बाकीचे हसले. मीही हसणार होतो, पण त्याच्या बोलण्यात वकिलापेक्षा जास्त अक्कल होती. गोल खाल्ल्याचा राग ज्यांचा गोल झाला त्यांना येत नाही.

एका माणसानं सामना मोबाइलवर घेतला होता. चित्रात फक्त मैदान, प्रेक्षक नाहीतच. सगळे खेळच दाखवतात, माझ्यासारखेच. पण आवाज स्वच्छ होता. गोल होतो, हाक येते, माकडाचे आवाज सुरू होतात आणि त्यांच्याबरोबर हलगी. हलगी कारखान्याच्या समर्थकांची होती आणि ती हाकेच्या अगदी लगत वाजत होती. म्हणजे ओरडणारी माणसं गोलकीपरच्याच कारखान्याची. पुढं ऐकलं तर हलगी पाच-सहा ठोके वाजून एकदम बंद पडते आणि आवाज मात्र चालूच राहतात.

गोलकीपरला बोलावून ते ऐकवलं. मी मोबाइलकडे न बघता त्याच्याकडे बघत होतो. हाक आली तशी त्याची मान डावीकडे वळली आणि उजवा तळहात टेबलावरून वितभर वर उठला. लगेच त्यानं तो खाली घेऊन मांडीवर दाबून धरला.

"ओळखलंस?"

"न्हाय साहेब."

माणूस तोंडानं खोटं बोलतो, हाताला ते जमायला वेळ लागतो. मी त्याला जास्त छेडलं नाही. दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यांत त्याच्या कारखान्यात गेलो. लूमच्या शेडमध्ये शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, तिथं काम करणारे ओठ वाचतात, हातानं बोलतात. मी दाराशी उभा राहिलो. थोड्या वेळानं त्या खटखटीला चिरत तीच हाक आली, वर चढून मध्येच तुटणारी. गोलकीपरच्या डाव्या बाजूच्या लूमवरच्या माणसानं ती मारली होती. गोलकीपरनं मान डावीकडे वळवली आणि उजवा तळहात वर केला. मी सुपरवायझरला खुणेनं विचारलं, हे काय? त्यानं कानाशी ओरडून सांगितलं, "सुताची तार तुटली का शेजाऱ्याला हाक मारायची. हात वर केला म्हंजे ऐकलं. हितं समदे तसंच करतात."

म्हणजे हा मुलगा रोज शंभर वेळा ज्या हाकेला 'ऐकलं' म्हणून हात वर करत होता, त्याच हाकेनं त्याला मैदानावर माकड ठरवलं होतं. पहिल्या क्षणीच त्यानं ती ओळखली असणार. आणि मागं खटखट असलेला तो फोन कुणाचा असणार, हेही आता माझ्या ध्यानात आलं.

साक्षीदार मात्र हवा होता. हलगीवाला सांगोल्याकडचा, पन्नाशीचा माणूस. लग्नाला, मयतीला, सामन्यांना वाजवायचा. ठाण्यात आल्यावर आत यायलाच तयार नाही, बाहेरच्या पायरीवर बसला. मीही पायरीवर बसलो.

"हलगी का थांबवली?"

"लक्षातच नव्हतं आलं आदी. वरडतात म्हटल्यावर हात आपसूक चालतोय. मग ध्यानात आलं कशाला ताल देतूय त्ये." तो तळहात चोळत राहिला. "सायेब, ही हलगी देवाफुडं वाजती, मड्याफुडं वाजती. पर माणसाला जनावर म्हणायला न्हाय वाजायची. आमच्या बापजाद्याला काय काय म्हणत हुते, त्ये म्या ऐकल्यालं हाय."

"कुणी सुरू केलं?"

"माझ्या डाव्या हाताला बसला हुता त्यो. कारखान्यातलाच. म्या म्हणलं बी, गप की मर्दा. तर म्हणतो, तू वाजव, तुला वाजवायला आणलंय." मग हलगीवाला जरा थांबून म्हणाला, "म्या थांबलो खरा, पर उठून गेलो न्हाय. त्ये राह्यलं."

त्यानं सही केली. अंगठा नव्हे, सही. सावकाश, प्रत्येक अक्षर काढून.

लूमशेजाऱ्याला आणलं तेव्हा एसीपी साहेब आणि मॅडम दोघं होते. माणूस तीस-बत्तीसचा, बोलायला गोड. त्याला चहा दिला. चहा पिताना माणूस सैल होतो हे खरं, पण त्याहून खरं म्हणजे हातात कप असला की हात कुठं ठेवायचे हे त्याला ठरवावं लागत नाही, आणि मग तो तोंडाकडे लक्ष देत नाही.

"चेष्टा असती ओ सायेब. कारखान्यात आमी त्याला आफ्रिकाच म्हणतो. त्यो बी हसतोय. इचारा की त्याला."

"त्याच्या खोलीवर जातोस कधी?"

"छ्या. त्याची खोली कुटं हाय त्ये बी ठावं न्हाय मला. वरच्या मजल्यावर कोण चढतंय?"

मी कागदावरून मान वर केली. "वरचा मजला आहे हे कसं ठाऊक?"

त्याचा कप थांबला. मग म्हणाला, "कुणीतरी म्हणालं असंल."

"आणि पत्र्याचं दार?"

त्यानं कप खाली ठेवला. मॅडम बाहेर जाऊन गोलकीपरला घेऊन आल्या, त्याच्यासमोरच्या खुर्चीवर बसवलं. मी म्हणालो, "चेष्टाच होती ना? मग परत कर. तोच आवाज, तेवढ्याच जोरात. इथं पंचवीस माणसं नाहीत, तू एकटा आहेस आणि तो समोर आहे. कर."

"असं कसं, सायेब..."

"चेष्टा आहे. हसेल तो."

त्यानं खरंच तोंड उघडलं. गोलकीपर सरळ त्याच्याकडे बघत होता. उघडं तोंड तसंच राहिलं, आवाज आला नाही. शेवटी त्यानं मान खाली घातली. "गोल खाल्ला त्यानं. डोकं फिरलं माझं. मग वाटलं ह्यो तक्रार करंल, म्हणून फोन लावला. पोलिसांनी दम दिला का गप बसंल, असं वाटलं."

गोलकीपर पहिल्यांदाच बोलला. "गोल वाचवला की आपला. गोल खाल्ला की आफ्रिकेचा. व्हय ना रे? मी तुझी तार रोज जोडतो."

पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही. आमच्या हातात हलगीवाला होता आणि तो आवाज. हे ओळखूनच की काय, दुसऱ्याच दिवशी कारखान्याचे मालक आले. सभ्य माणूस, हात जोडूनच बोलायचे. "मॅडम, पोरं पोरं आहेत. एकमेकांची माफी मागतील, मिटवून टाका. आणि तुमचाच बंदोबस्त होता की तिथं. तुमच्याच माणसानं काय लिवलंय ते काढा ना. तसं काही घडलंच नाही असं आहे म्हणतात."

गोलकीपर बाकावर बसला होता. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी डायरी आणली, पान काढलं आणि उभ्यानं वाचलं. 'सामना शांततेत पार पडला, विशेष प्रकार घडला नाही.' खाली माझी सही.

तो हळूच म्हणाला, "तुमीं बरयलां?" तुम्ही लिहिलंत? या वेळी त्याच्या बोलीत. मराठीत विचारलं असतं तर मी कदाचित निसटलो असतो काहीतरी सांगून. नेहमीचीच पद्धत आहे, सगळे असंच लिहितात, वगैरे. त्या बोलीत मला कधी सरकारी उत्तर देता आलं नाही. मला ती सरकारी भाषा म्हणून येतच नाही.

"होय, मीच," मी म्हणालो. मग मॅडमकडे वळलो. "मॅडम, माझा जबाब घ्या. साक्षीदार म्हणून. मी ऐकलं होतं. साल माझ्या पायाशी पडली होती. लिहिलं ते खोटं आहे."

मालकांनी हात सोडले. मॅडमनी मला बसायला सांगितलं. नोकरीत मी शेकडो लोकांचे जबाब लिहून घेतले, पण सांगणाऱ्याच्या खुर्चीत बसायची ती पहिलीच वेळ. 'त्या वेळी आपण काय केलं?' या प्रश्नाला 'काठी दोनदा आपटली' एवढंच उत्तर निघालं. लिहिल्यावर ते फार लहान दिसलं.

मला कारणे दाखवा नोटीस आली. सक्त ताकीद मिळाली. पेन्शन अडकली नाही, त्यासाठी एसीपी साहेबांनी माझ्या बाजूनं चार ओळी लिहिल्या होत्या असं नंतर कळलं. मी आभार मानायला गेलो तर म्हणाले, "तुम्ही लिहिलं असतं तर मला लिहावं लागलं नसतं." त्यांचं बरोबर होतं.

पुढच्या सामन्याला गोलकीपरला संघात घेतलं नाही. कारण विचारलं तर सांगितलं, फॉर्म नाही. कारखान्यात त्याच्याशी कुणी बोलेना. शेजारच्या लूमवर नवा माणूस आला, पण तार तुटली तरी तो हाक मारीना, स्वतःच उठून जोडायचा. ज्या हाकेचा त्याला त्रास होता ती बंद झाली, हे खरं. पण सगळ्याच हाका बंद झाल्या. चार महिन्यांनी तो गावी गेला. जायच्या आधी एका रविवारी माझ्याकडे जेवायला आला. माझी बायको तेव्हा होती. तिनं सोलकढी केली. दोन वाट्या प्यायल्यावर म्हणाला, "इथं आल्यापासून पहिल्यांदा." त्याच्याइतकाच मीही त्या दिवशी घरच्या बोलीत बोललो. मुलगी लहानपणापासून इथली, तिला ती बोली कळते पण येत नाही. बायको गेल्यावर आता मला ती बोलायला कुणी नाही.

लोक मला विचारतात, अशा वेळी काय करायचं? मी शिकलेला माणूस नाही, मला अनुभवावरून सांगता येईल तेवढं सांगतो. ज्याला शिवी पडते त्याला कुणी मोठ्या मनाचा हो म्हणून शिकवू नये. मोठं मन त्यानं आधीच केलेलं असतं, रोज करतो, म्हणून तर तो हसताना दिसतो. बघणाऱ्यानं तोंड उघडावं, आणि पहिल्याच आवाजाला उघडावं, कारण एकाचे चार होईपर्यंतच ते थांबवणं सोपं असतं. हलगीवाल्यानं हात थांबवला तसं प्रत्येकाकडे थांबवण्यासारखं काहीतरी असतं. पंचाकडे शिट्टी असते, संघाकडे खेळ असतो, माझ्याकडे काठी होती आणि मैदान रिकामं करायचा अधिकार होता. आणि जे झालं ते त्याच दिवशी लिहावं. न लिहिलेली गोष्ट कुणीतरी खोटी ठरवतं. माझ्या बाबतीत ते मीच केलं होतं.

खटला उभा राहायला वेळ लागला. तोवर मी निवृत्त झालो होतो. साक्षीला गोलकीपर रात्रभर बसनं प्रवास करून आला. वजन कमी झालेलं, शर्ट इस्त्रीचा. बचावाच्या वकिलांनी डायरीचं पान माझ्यापुढं धरलं.

"हे अक्षर तुमचं?"

"होय."

"सही?"

"माझीच."

"मग शांततेत पार पडला हे खरं की खोटं?"

"खोटं," मी म्हणालो. "मी ऐकलं होतं आणि लिहिलं नाही."

जजसाहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि टायपिस्टला एकेक शब्द सावकाश सांगितला. "साक्षीदार म्हणतो की, त्यानं ऐकलं होतं आणि लिहिलं नाही." टायपिस्टची बोटं चालली. बाकावर तो सरळ बसून होता.

निकाल लागायचा आहे. काय लागेल मला माहीत नाही. माझ्या साक्षीची नक्कल मात्र त्याला मिळाली. ती घ्यायला तो परत आला तेव्हा मी त्याला सोडायला स्टँडवर गेलो. त्यानं ते प्लास्टिकचं पाकीट काढलं, नक्कल चार घड्या करून आत सारली, आधारकार्डाच्याही वर.

"आता कुणी मागितलं तर हेच आधी दाखवतो," म्हणाला.

बस सुटायला लागली. स्टँडवर कंडक्टर ओरडत होते, स्पीकर चालू होता, काही ऐकू येत नव्हतं. मी खालून मालवणीत ओरडून सांगितलं, "पोचलंस काय फोन कर! जेव वेळेर!"

त्यानं खिडकीतून मान वळवली आणि उजवा तळहात वर केला, लूमवर करतात तसा. ऐकलं.

मीही माझा वर केला.